घर घेताय? भीड सोडा, नंबर विचारा

या रविवारी फ्लॅट बघायला निघणार असाल तर चेकबुक घरी ठेवून जा. हल्ली फोनवरूनही पैसे जातात, त्यामुळे नुसतं चेकबुक ठेवून भागणार नाही. निघतानाच घरात ठरवून टाका की आज काही झालं तरी एक रुपया द्यायचा नाही. कारण चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, पंचगंगेकडून येणारा गार वारा अंगावर घेत तुम्ही उभे असाल आणि शेजारी उभा असलेला माणूस हळूच म्हणेल, "संध्याकाळी साताऱ्याची पार्टी येणार हाय. तुम्ही आपलं माणूस म्हणून आधी दाखवलं. अकरा हजार टाकून ठेवा, फ्लॅट तुमचा."

साताऱ्याची ती पार्टी बहुतेक वेळा येत नाही. तुमचे अकरा हजार मात्र जातात, आणि अकरा हजारांपाठोपाठ माणूसही ओढला जातो. एकदा टोकन दिलं की पुढची प्रत्येक शंका गिळायची सवय लागते.

हे नवं नाही, पण सध्या त्याला जोर चढलाय. 17 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम भाऊसिंगजी रोडवर आलं. वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक दशकं लढा दिला होता, आनंद रास्तच आहे. पण त्या दिवसापासून जागा दाखवणाऱ्यांच्या तोंडी नवी भाषा आली. बेंच आलं, विमानतळाची नवी इमारत झाली, शेंडा पार्कात आयटी पार्क होणार, हद्दवाढ आता झालीच म्हणून समजा, आज घ्या नाहीतर सहा महिन्यांनी हात लावता येणार नाही. यातल्या काही गोष्टी झाल्यात, काही व्हायच्यात, आणि हद्दवाढीची चर्चा तर 1972 साली महापालिका झाल्यापासून चालू आहे. घाई करायला यातलं एकही कारण पुरेसं नाही.

म्हणून कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांत घर शोधणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीचं सांगणं आहे. घर दाखवणारा कुणीही असो, त्याला त्याचा महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारा. तो क्रमांक आणि जागेचे कागद स्वतः तपासून होईपर्यंत संचकार, म्हणजे इसाराची रक्कम, देऊ नका.

आपण कोल्हापूरकर व्यवहारात काही कच्चे नाही. राजर्षी शाहूंनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी. तिथून मार्केट यार्डापर्यंत गुळाच्या सौद्यांत आपल्या पिढ्या गेल्या. गूळ घेणारा रवा फोडून बघतो, रंग बघतो, जिभेवर टाकतो. शेतकरी अडत्याकडून पट्टी घेतो आणि तीत तोलाई किती, हमाली किती हे वाचल्याशिवाय खिशात घालत नाही. दूध तर आपल्याला कट्ट्यावर म्हैस उभी करून डोळ्यांदेखत काढलेलं लागतं. म्हैस विकत घ्यायची झाली तर दोन वेळा धार काढून बघतो, दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो. आणि हाच माणूस पंचेचाळीस लाखांचा फ्लॅट घेताना मध्यस्थाला साधा एक प्रश्न विचारत नाही. का? तर तो ओळखीचा असतो.

ओळख हीच इथली खरी अडचण आहे. मुंबईत एजंट परका असतो, म्हणून लोक आपसूकच सावध राहतात. आपल्याकडे तो तालमीतला असतो, मंडळातला असतो, मेव्हण्याच्या वर्गातला असतो, गणपतीला आपल्या घरी आरतीला आलेला असतो. त्याला कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. "अण्णा, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय?" हे शब्द ओठांवर येतात आणि चहाच्या घोटाबरोबर परत आत जातात. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणायची, ते घर घेताना शब्दशः खरं ठरतं.

माझीच गोष्ट सांगतो. 2018 च्या दिवाळीत रमणमळ्याच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला. दाखवणारे गृहस्थ वडिलांच्या ओळखीचे. मी फक्त एकच विचारलं, तेही हसत हसत, "पाणी-बिणी येत नाही ना हो?" ते म्हणाले, "इथं? नाव सोडा." पुढच्या ऑगस्टात आमच्या पार्किंगमधून बोट गेली. दोन दुचाक्या, मीटरचे बोर्ड, लिफ्टची मोटर सगळं पाण्यात. पूर ओसरल्यावर शेजारच्या आजोबांनी त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, 2005 चं पाणी इथवर होतं. त्या खुणेवरून नंतर रंग फिरवला होता. आजोबा तिथेच राहत होते, रोज संध्याकाळी खुर्ची टाकून फाटकात बसत होते. त्यांना विचारायला मला पाच मिनिटं लागली असती. दलालाला दोष देण्याचा हक्क मला आहेच, पण त्याच्याकडे नोंदणी आहे का, त्याला बिल्डरकडून किती मिळतंय, पुराच्या रेषेचा नकाशा त्याने कधी पाहिलाय का, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता कायद्याचं. 2016 चा स्थावर संपदा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरामार्फत राबवला जातो. बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायला मदत करून जो कमिशन घेतो, तो कायद्याच्या भाषेत एजंट ठरतो. त्याच्याकडे ऑफिस असो वा नसो, तो दिवसा बँकेत नोकरी करत असो वा मेडिकलचं दुकान चालवत असो. त्याला नोंदणी घ्यावीच लागते. प्रकल्पाचा क्रमांक 'पी' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, एजंटाचा 'ए' ने. महारेराच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकला की तो माणूस नोंदणीकृत आहे का आणि त्याची मुदत कधी संपते हे दिसतं. नोंदणी पाच वर्षांची असते, त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्रावरची तारीख वाचायला विसरू नका.

शिवाय 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणं बंधनकारक केलं आणि 1 जानेवारी 2024 पासून ते प्रमाणपत्र नसेल तर काम करता येत नाही असं ठरवलं. त्याच वर्षी राज्यातल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी याच कारणावरून निलंबित झाली. आकडा पुन्हा वाचा. एकेकाळी ज्यांच्याकडे क्रमांक होता अशांपैकीच हे वीस हजार. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक आजही चालू असेलच असं नाही, म्हणून तो नुसता ऐकायचा नाही, शोधून बघायचा.

नोंदणी असली म्हणजे माणूस सज्जन, असं मी म्हणत नाही. नोंदणी असली म्हणजे त्याला पकडता येतं, एवढंच म्हणतो. नोंदणी नसलेला प्रकल्प विकणं, खोटी माहिती देणं, नसलेल्या सोयी आहेत म्हणून सांगणं हे सगळं त्याला मना आहे, आणि मोडलं तर दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे, जागेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाचे सगळे कागद तुम्हाला मिळवून देणं हेही त्याचंच काम आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं रंगीत ब्रोशर म्हणजे कागद नव्हे.

महारेराच्या त्याच संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. बांधकामाची परवानगी, जमिनीच्या मालकीचा वकिलाचा अहवाल, कोर्टकज्जे, किती फ्लॅट गेले आणि किती शिल्लक, घर ताब्यात द्यायची तारीख हे तिथे असतं. बिल्डरने आपल्या एजंटांची नावंही तिथेच द्यायची असतात. तुमचे अण्णा त्या यादीत आहेत का बघा. नसतील तर ते नेमके कुणाच्या वतीने बोलतायत, हे त्यांना विचारायलाच हवं. जाहिरातीत क्यूआर कोड नसेल तर तीही खूणच समजा, ऑगस्ट 2023 पासून तो सक्तीचा आहे.

जुना फ्लॅट, जुना बंगला किंवा शेतकऱ्याकडून थेट गुंठा घेणाऱ्यांनी मात्र जास्त जपायला हवं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. महारेराची सक्ती बिल्डर विकत असलेल्या प्रकल्पांपुरती आहे. एका माणसाचं वापरलेलं घर दुसऱ्याने विकत घेतलं, तर मधल्या दलालावर त्या कायद्याचा हात पोचत नाही. तरीही मध्यस्थ नोंदणीकृतच निवडा. त्याने निदान परीक्षा दिलेली असते, आणि हातातला क्रमांक गमावण्याची त्याला भीती असते.

पुढचा प्रश्न पैशाचा, आणि इथेच आपली जीभ सर्वांत जास्त अडखळते. "तुम्हाला कमिशन कोण देणार?" हे पहिल्याच भेटीत विचारा. कोल्हापुरात एक-दोन टक्के ऐकू येतात, बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी. पंचेचाळीस लाखांच्या घराचे दोन टक्के म्हणजे नव्वद हजार. दोन्हीकडून घेतले तर एक लाख ऐंशी हजार. एवढे पैसे घेणारा माणूस वाटाघाटीत तुमचा की समोरच्याचा? घर जितकं महाग विकलं जाईल तितकं त्याचं कमिशन वाढतं, हे साधं गणित लक्षात ठेवलं तरी "किंमत यापेक्षा खाली येणार नाही, मी बोललोय त्यांच्याशी" या वाक्याचं वजन कळेल. त्याने दोन्हीकडून घेऊ नये असा माझा हट्ट नाही, लपवून घेऊ नये एवढाच आहे. किती टक्के, कधी द्यायचे, व्यवहार मोडला तर काय, हे कागदावर चार ओळींत लिहून दोघांनी सही करायची. करारनाम्यातही एजंटाचं नाव आणि क्रमांक येऊ द्या. आपलं नाव कागदावर नको म्हणणाऱ्या मध्यस्थाला तिथेच नमस्कार करा.

आणि पाणी. जुलै महिन्यात या शहरातलं शाळकरी पोरही सांगतं की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट किती इंच आहे, 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत. डिसेंबरात फ्लॅट बघताना हेच शहर सगळं विसरतं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 च्या जुलैत 56 च्याही वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, जाधववाडी, नागाळा पार्कचा काही भाग, व्हीनस कॉर्नर, नदीपलीकडे आंबेवाडी आणि प्रयाग चिखली, ही नावं कुणाला नव्याने सांगायला नकोत. पण नव्या इमारतीला जुन्या गल्लीचं नाव नसतं. तिला कुठल्यातरी 'हाइट्स' किंवा 'रिव्हर व्ह्यू' असं नाव असतं. रिव्हर व्ह्यू हे तर प्रामाणिक नाव म्हणायचं, नदी खरंच दिसते, कधी कधी दारातून.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत, असा त्यांचा अर्थ. आपण दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले, तेव्हा शंभर वर्षांच्या हिशेबावर फार विसंबू नका. एजंटाला सरळ विचारा, ही जागा कुठल्या रेषेत येते, आणि उत्तर लेखी मागा. "पाणी येत नाही" असं लिहून द्यायला सांगितलं की किती जणांचा आवाज बदलतो ते बघाच. मग इमारतीखालच्या टपरीवर चहा घ्या, समोरच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला आणि तीन सालं विचारा: 2005, 2019, 2021. कमिशन न मिळणाऱ्या माणसाचं उत्तर बहुधा खरं असतं.

पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी, शिंगणापूर या बाजूला प्लॉट बघणाऱ्यांनी बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन मागावं. यातली बरीच गावं 2017 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांत आहेत, तेव्हा ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून कुणी मोकळं होत असेल तर होऊ देऊ नका. गुंठेवारी "आता रेग्युलर झालीच" असं सांगतात. ती आपोआप होत नाही. 2001 च्या कायद्याप्रमाणे अर्ज, शुल्क आणि त्या प्लॉटच्या नावाचा आदेश लागतो. तुकडेबंदी उठली, हेही सध्या फार ऐकू येतं. 2025 मध्ये सरकारने सवलत जाहीर केली हे खरं, पण ती कुठल्या हद्दीतल्या आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या तुकड्यांना, हे आदेशातच वाचायचं, दलालाच्या तोंडून ऐकायचं नाही. सातबारावर भोगवटादाराचा वर्ग बघा. वर्ग दोन असेल तर थांबा. देवस्थान इनाम असेल तर परत फिरा. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या आणि इतर देवस्थानांच्या जमिनी जागोजागी आहेत, आणि त्या सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. "पन्नास वर्षं आमचाच कब्जा हाय" याला खरेदीपत्र म्हणत नाहीत.

संचकाराकडे परत येतो, कारण बहुतेक घरं तिथेच बुडतात. संचकारपत्र साध्या स्टॅम्पपेपरवर, रात्री साडेनऊला, हॉटेलच्या टेबलावर होतं. लिहिणारा दलाल, साक्षीदार दलालाचा मित्र, आणि पैसे रोख. हे तिन्ही बंद करा. घर विकताना वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेल्याचा पुरावा तुमच्या हातात राहत नाही. पैसे बँकेतून, मालकाच्याच खात्यावर द्या, एजंटाच्या नव्हे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि वकील तुमचा तुम्ही शोधा. "आमचेच वकील आहेत, सगळं तेच बघतात, तुम्हाला वेगळा खर्च नको" हा उपकार महागात पडतो. सर्च रिपोर्ट ज्याने पैसे दिले त्याचा असतो. तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा, नोटिशीची मुदत संपेपर्यंत गप्प बसा. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन स्वतःलाही बघता येतो, एखाद्या रात्री पोराला बसवा कॉम्प्युटरवर.

चांगला एजंट या सगळ्याला हसून तयार होतो. असे लोक कोल्हापुरात आहेत, मला माहीत आहेत. ते स्वतःच म्हणतात, "आधी वकिलाला दाखवा." पाणी येतं तिथे पाणी येतं म्हणून सांगतात आणि गिऱ्हाईक गमावतात. नोंदणीची फी भरून, परीक्षा देऊन बसलेल्या या माणसाचं कमिशन, काही न करता मधे शिरलेला ओळखीचा माणूस खातो आणि आपण त्याला ते खाऊ देतो. तेव्हा नंबर विचारणं हा अण्णांचा अपमान नाही. न विचारणं हा त्या प्रामाणिक माणसाचा तोटा आहे.

ज्यांची फसगत आधीच झाली आहे, त्यांनी लाजून गप्प बसू नये. महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याचं शुल्क पाच हजार रुपये. जिल्हा ग्राहक आयोग आपल्या शहरातच आहे. तक्रार करायची तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कॉलच्या तारखा, बँकेच्या नोंदी पुसू नका. आणि निदान गल्लीत तरी सांगा. आपल्याकडे फसवणारा उजळ माथ्याने फिरतो आणि फसलेला तोंड लपवतो, हे काही बरं नाही.

मंडळांना आणि तालमींना एक विनंती. गणपतीत आणि शिवजयंतीला तुमच्या फलकांवर प्रायोजक म्हणून जागा विकणाऱ्यांची नावं झळकतात. ते नाव छापण्याआधी त्यांचा क्रमांक मागा, आणि नावाखाली तोही छापा. शहरातल्या एजंटांनीही वाट बघू नये. ज्यांच्याकडे चालू नोंदणी आहे त्यांनी येत्या सोमवारी पेंटरला बोलवून दुकानाच्या बोर्डावर नावाखाली तो क्रमांक ठळक रंगवून घ्यावा. एका ओळीचे पैसे जास्त पडतील, तेवढंच.